चार बोटं

दोम्ना आली तेव्हा भाता नुकता पेटत होता.
सेवेत्तियार्वीत त्या दिवसांत सूर्य वर येत नाही,
भर दुपारी तळ्यापलीकडे निळसर फटफटतं, तेवढंच.
माझं काही अडत नाही.
पोलाद किती तापलंय ते अंधारातच नीट दिसतं.

तिनं हातमोजा दातांनी ओढून काढला.
"सुरी हवीय. लहान."
"लहान म्हणजे?"
तळहात आडवा धरला माझ्यापुढं :
चार बोटं, त्यातलं एक
मधल्या पेराशीच संपलेलं.
फासाच्या दोरीनं नेलं होतं, बावीस सालच्या शिशिरात.
"एवढं पातं. तसूभर जास्त नको."

भिंतीवरच्या वीतभर सुऱ्या मी तिला दाखवल्या.
पितळी टोप्या, शिंगाच्या मुठी, त्यावर कोरलेले हंस.
हेलसिंकीचे लोक याच घेतात, म्हणालो,
हिनं अस्वल सोलता येईल.
"अस्वल माझ्या वाटेला जात नाही, येफिम.
मला मासा चिरायचा असतो.
गोठलेली गाठ सोडवायची असते.
ओल्या लाकडाच्या पोटातून कोरडी ढलपी काढायची.
आणि जूनमध्ये पाडसाच्या कानावर खूण.
गुडघ्याखाली ते धडपडत असतं,
तेव्हा लांब पात्याचं टोक कुठं जातं
ते मला सांगू नकोस."

मग पितळ नको. थंडीत कातडीला चिकटतं.
पाठ जाड, तिच्या कडा मात्र घासायच्या नाहीत,
चकमकीवर ओढायला लागतात.
धार साधी, सपाट; रानात दगडावर लावता येईल अशी.
"आणि हंस?"
"हंस तळ्यावर बरे."

बर्फ ढकलणाऱ्या ट्रकचा मोडका कमानपाटा होता,
त्यातून पातं काढलं.
पाणी पाजलं, म्हणजे तेलच, पण आम्ही पाणीच म्हणतो.
पहिल्यांदा ते किंचित वाकलं.
शिवी दिली, पुन्हा तापवलं.
मुठीला बर्चच्या सालीच्या चकत्या,
एकीवर एक, साठ-सत्तर, घट्ट दाबून.
ओल्या हातातही ती निसटत नाही,
उणे तीसातही कोमट लागते.
माझ्या हातात धरून पाहिली. झकास.

आठवड्यानं परत आली.
सुरी टेबलावर ठेवली, बोलली नाही.
"काय झालं?"
"फिरते."
"फिरते म्हणजे?"
"जोर दिला की हातात फिरते."
मी पुन्हा धरली. माझ्या हातात फिरेना.
तेव्हा तिनं खिशातून मेणाचा गोळा काढला.
चुलीजवळ मऊ केलेला, मुठीत आवळून
दाराबाहेर बर्फात थिजवलेला.

उजेडाशी नेला मी तो.
तीन बोटांच्या खोल खळगी,
अंगठ्याची बसकी जागा, नखाची चंद्रकोरसुद्धा,
आणि चौथ्या बोटाच्या जागी
मेण तसंच फुगलेलं, कुणी न दाबलेलं.

एवढी वर्षं मी सुऱ्या करतोय
आणि प्रत्येक मूठ
माझ्याच हातात धरून पाहत आलोय.

साल उतरवली, नवी रचली.
जिथं तिचं बोट नाही
तिथं मुठीला पोट ठेवलं, तांदळाच्या दाण्याएवढं,
मग आणखी थोडं.
मेण शेजारी, कानस हातात,
दोन रात्री. हिशोब केला तर तोटाच.
तिनं त्याबद्दल वाळवलेलं मांस दिलं
आणि हातमोज्यांची जोडी, जी मला लहान होते.

जूनमध्ये कुंपणाशी गेलो होतो, डासांच्या ढगात.
दोम्ना पाडसावर वाकलेली.
तिचा हात दिसला, कान दिसला,
पाडस उठून आईकडं पळालं तेही दिसलं.
सुरी काही दिसली नाही.

मेणाचा गोळा मी खिडकीत जपून ठेवला होता,
न जाणो, हरवली तर पुन्हा करायला.
रात्रभर न मावळणाऱ्या उन्हानं तो पसरला,
बोटं पुसली गेली, फळीवर पिवळा डाग उरला.
हळहळत तिला सांगितलं.

"हरवली तर येईन की," ती म्हणाली,
"हात माझ्याकडेच आहे."