काट्यावरची खिडकी

कुडचड्याच्या वजनकाट्यावर
ट्रक उभा, इंजिन चालू,
आणि पडद्यावर माझी खिडकी
ताकासारखी पांढरी.
प्रतिसाद देत नाही, असं तीच वर लिहून दाखवते.

फिलोमेना रिबेलोबाईंनी बटण तीनदा दाबलं.
पणजीच्या सर्व्हरने तिन्ही वेळा ऐकलं, सावकाश,
आणि एका ट्रकच्या तीन पावत्या निघाल्या.
"दारात माणूस उभा, नि तुझं यंत्र मला
भिंतीकडे तोंड करून बसवतं," त्या म्हणाल्या.

चूक माझीच. एकाच धाग्याला मी
दाराशी बसवलं होतं
आणि त्यालाच पणजीलाही धाडलं होतं.

"आमचा सुकडो होता, यंत्राच्या आधी.
चिठ्ठी घेऊन सायकलवरून बार्जपर्यंत जायचा.
मी इथेच. पुढच्याचा नंबर लिहीत,
कुणाचा टायर, कुणाच्या मुलीची दहावी विचारत.
त्याला एकच ताकीद: माझ्या वहीला हात लावायचा नाही.
परत आलास की चिठ्ठी खिळ्याला टोच.
हातातला माणूस गेला की मीच उतरवीन,
माझ्या अक्षरात."

"आणि तो आलाच नाही तर?"

"बार्जचा भोंगा दोनदा वाजेपर्यंत थांबायचं.
मग तीच चिठ्ठी पुन्हा, तोच आकडा घालून,
म्हणजे पलीकडचा ती दोनदा मोजत नाही."

दोन रात्री जागून मी लिहिलं ते एवढंच.
आता बटण एकदा दाबलं की राखाडी होतं,
कोपऱ्यात बारीकसं चक्र फिरत राहतं,
आणि नेटवर्क गेलं, ते जातंच,
तरी 'रद्द करा' म्हटलेलं खिडकीला ऐकू येतं.

एक मात्र राहिलं होतं.
संध्याकाळी खिडकी मिटली
तरी पाठवलेला धागा कुठेतरी धावतच असायचा,
किंवा मध्येच मरायचा, शेवटच्या ट्रकचं वजन घेऊन.
दोन्ही वाईट.

बाई कुलूप मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या होत्या.
"सुकडो वाटेत असला की मी शटर
अर्धंच ओढायचे. आत दिवा.
एकदा आठ वाजले मरे.
सायकल ढकलत आला,
तुटलेली साखळी हातात,
चिठ्ठी दातांत."