बत्तिशी

टिक्.
एवढाच आवाज. काडी मोडल्यासारखाही नाही,
दुसऱ्या खोलीत कुणी नख कापावं तसा.
आठ दशांश मिलिमीटरचं टोक, या आठवड्यातलं चौथं,
अर्धं पितळात रुतलेलं, अर्धं बाल्कनीत कुठेतरी,
आणि चाकाचे एकोणीस दाते झालेले, तेरा राहिलेले.

चूक माझीच. चार धारांचं आणलं,
चार म्हणजे दोनाच्या दुप्पट, असा माझा हिशोब.
किसाला बाहेर पडायला वाट लागते,
चार धारांत ती कोंडते,
आणि कार्बाइड वाकत नाही, तो त्याचा स्वभावच नाही.
पोलाद निदान आधी कुरकुरतं.

शनिवारी कोरड्या पुलावर गेलो.
एल्गुजा तिथे जुन्या लाडाच्या बॉनेटवर घोंगडी पसरतो.
तिब्लिसीत त्याला बसलेला कुणी पाहिला नाही.
विमानांच्या कारखान्यात हत्यारांच्या कोठीवर होता,
शेवटी सहा महिने पगाराऐवजी बिटं मिळाली,
ती तो तीस वर्षं विकतोय,
तेलकट कागदाच्या पुड्या, पुडीवर पेन्सिलीने आकडा.
"चकाकतं ते घेऊ नकोस, रेवाझ.
काळवंडलेलं घे. चकाकी म्हणजे कुणीतरी घासलंय."
मग अंगठ्याच्या नखावर टोक टेकवून हलकेच फिरवतो.
पांढरा भुगा निघाला तर धार आहे,
नुसतंच घसरलं तर ते कान कोरायला ठेव.
त्याचं डावं नख म्हणजे शाळेतलं शेवटचं बाक.

आठ दशांशाचं त्याच्याकडे नव्हतं.
"मेदेआकडे बघ," हनुवटीने दाखवलं.

झुंबरांच्या दुकानापलीकडे घडीच्या खुर्चीवर एक बाई,
मांडीवर अक्रोडाच्या लाकडाची पेटी,
पेटीत भोकांच्या रांगा,
रांगांत उभी दातांच्या डॉक्टरची बिटं:
गोल, सुरळी, उलटा शंकू, आणि नाशपतीसारखं एक.
मी भिंग काढलं.
सहा धारा, पण आडव्या खाचांनी तोडलेल्या,
कीस बारीक होऊन सुटेल. चालेल.
"काय बनवताय?"
"चाक. डोंगरावर चढणारी दोरगाडी आहे ना, तिचं छोटं मॉडेल.
बत्तीस दाते."
"म्हणजे पूर्ण तोंड," ती म्हणाली.
"बिदझिनाला अशी फार थोडी मिळाली."

बिदझिना.
जीभ आपोआप डाव्या खालच्या दाढेवर गेली.
वीज जायची ते हिवाळे,
पायाने चालवायचं यंत्र, माझा हात खुर्चीच्या दांड्यावर,
आणि डॉक्टर काहीतरी पुटपुटत पाय मारतोय,
शिवणयंत्रावर बसल्यासारखा.
त्याने भरलेली चांदी अजून जागेवर आहे.
या रांगांतलं कुणीतरी माझ्या आत येऊन गेलंय.

बाईला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर तिने पैसे घेतले नसते,
आणि दात कोरून पोट भरत नाही
हे तिच्या बुटांकडे पाहूनही कळत होतं.
तिघांचे बारा लारी म्हणाली. मी वीस दिले,
सुटे नाहीत म्हणालो. खिशात सुटे वाजत होते.

घरी येऊन दांडी मोजली.
दोन पूर्णांक पस्तीस शतांश.
माझं कोलेट तीनचं.
मध्ये पितळी बाही हवी, बाहेरून तीन, आतून दोन पस्तीस,
आणि बाहीत भोक पाडायला
दोन पस्तीसचं ड्रिल हवं.
ते नाही.
एल्गुजाकडे असेल एखाद्या पुडीत, काळवंडलेलं.
आजच तिथून आलो, आणि शनिवार आता आठवड्याने.

तोवर चाक खिडकीत ठेवलंय,
संध्याकाळच्या उन्हात एकोणीस दात्यांनी हसतं.
आरशासमोर तोंड उघडून मीही मोजले.
तेवीस, चांदीवाली दाढ धरून.
अजून तरी मी पुढे आहे.