रेषेच्या अलीकडे

इंदूरहून पीथमपूरच्या पुढे, गव्हाच्या शेतांना पाठ देऊन
डांबराचा जो वळसा पडलाय
तिथे फेब्रुवारीत तीन दिवस मी घड्याळ धरून बसतो.
पूर्वी मिलच्या टाइम-ऑफिसात बसायचो,
भोंग्यानंतर कोण किती मिनिटांनी आलं ते लिहीत.
मिल गेली. कान उरले, आणि पेन्सिल.

पागनीससाहेब सकाळपासून एकच विचारतात,
"काका, मोसमात आपण कितवे?"
जणू निकाल मी जिरावणाच्या पुडीसारखा
खिशात दडवून ठेवलाय.

काल दुपारी आपली गाडी
एक मिनिट एकेचाळीसमध्ये आली.
पडद्यावर सगळ्यात वर आपलं नाव.
गेंदालाल नाचला. साहेबांनी मावाबाटी मागवली.
मी वहीत लिहिलं:
टाकी जवळजवळ रिकामी.
टायर नवे, मऊ.
ऊन उतरलेलं, सरळ रस्त्यावर वारा पाठीशी.
फेरी एकच.

लग्नाच्या दिवशी कोणीही देखणं दिसतं.

कोइम्बतूरवाल्यांची गाडी राखाडी, अजून रंगही न लावलेली.
एक त्रेचाळीस. एक त्रेचाळीस.
बाराव्या फेरीला तेच, विसाव्यालाही तेच.
"हे तर गेले," साहेब म्हणाले.
मी त्यांचं जेवण बघत होतो.
गाडी आत आली की चौघं उठतात,
पाचवा भात कालवत राहतो.
कोणी धावत नाही.
आपल्याकडे बारा नंबरचा पाना सापडत नाही
म्हणून तिघं तिघांना बोलतात.

मग घड्याळ खिशात घातलं. डोळे मिटले.
शेवटचं वळण. गियर खाली, खाली, मग वर,
इंजिन उघडतं, चढत जातं,
आणि पांढऱ्या रेषेच्या जरा अलीकडे
आवाज बसतो.
उचकी लागावी एवढाच.
पुढच्या फेरीला तिथेच. त्याच्या पुढच्याही.

आमच्या साच्याखात्यात असा एक विणकर होता.
दर ठरवायला साहेब पाठीमागे उभा राहिला
की त्याचा हात जड व्हायचा.
साहेब गेला की धोटा दिसायचासुद्धा नाही.

भरलेल्या टाकीचा दीड सेकंद. झिजलेल्या टायरचा अर्धा.
वजा करत गेलो, एक एकेचाळीसवर आलो,
आणि तो उचललेला पाय अजून धरलाच नव्हता.
तिथे बेरीज-वजाबाकी सोडून दिली.

"काका, कितवे?"
"पाचवे," म्हटलं. "फार तर चौथे."
साहेब हसले, मग हसायचे थांबले.
ओजस मुळ्येनं लॅपटॉप मिटला नाही, वरही पाहिलं नाही.
शर्वाणी तेवढी आली,
हेल्मेट काखेत, केस कपाळाला चिकटलेले.
"वही दाखवा."
उभ्यानंच वाचली. एक पान दोनदा.
मग गेंदालालला म्हणाली, "टाकी भर. गळ्यापर्यंत."

जुनेच टायर. एक पंचेचाळीस.
एक पंचेचाळीस. सेहेचाळीस.
नवव्या फेरीपासून मागचं चाक घसरू लागलं,
ओजसनं स्प्रिंग अर्धा आटा फिरवली, पुन्हा बाहेर.
एक चव्वेचाळीस. साहेब त्यांच्या मोटारीत, फोनवर.
मावाबाटीवर माश्या.
पुन्हा आत, पुन्हा आटा, आता उलटा.
एक त्रेचाळीस पाच. त्रेचाळीस पाच. त्रेचाळीस चार.
असं लिहिताना माझं अक्षर सुधारतं.

अंधार पडायला दहा मिनिटं होती.
पडदा बंद केलेला, बघे पांगलेले.
कुंपणाशी फक्त तो भात कालवणारा माणूस,
हातात स्वतःचं घड्याळ.

शेवटचं वळण. खाली, खाली, मग वर,
इंजिन उघडलं, चढलं,
आणि रेषेच्या जरा अलीकडे
आपला आवाज बसला.

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
मी वही मिटून मांडीखाली सारली
आणि त्याला विचारलं, जेवण झालं का.