तुरीची खोली

मोंढ्यात पोत्यांच्या थप्पीमागून काढली तेव्हा
अंगाला तुरीचा भुसा होता, म्हणून तूर.
मागचा डावा पाय नुसता लोंबत होता.
पशुवैद्यकीय कॉलेजातला शिकाऊ पोरगा म्हणाला,
ताई, ही आता घरातच. बाहेर कुत्री ठेवणार नाहीत हिला.
लोक हातावर तुरी देऊन पळतात,
माझ्या हातावर ही तूर देऊन कोण पळालं, कोण जाणे.

मी काट्यावर पावत्या लिहिते.
भरली गाडी वजा रिकामी गाडी, एवढं गणित येतं.
दोन खोल्या एखादीला पुऱ्या कशा पाडायच्या
ते कुठल्या पावतीवर नसतं.

आधी वाळू.
शेजारच्या बांधकामावर इरबाजीला दोन घमेली मागितली,
तर म्हणाला, काय बांधायलाव, ताई?
मी म्हटलं, मोरी.
तसं खोटं नव्हतं.
पिठाच्या जुन्या चाळणीनं चाळली. खडे एकीकडे,
एक शिंपला निघाला, गोदावरीत पाणी असल्याचा पुरावा.
तुरीनं तो हुंगून पाहिला
आणि नीट पुरून टाकला.

नखांसाठी खाटेच्या पायाला सुतळी गुंडाळली.
पहिल्या दिवशी तिनं खुर्ची फाडली.
दुसऱ्या दिवशी खुर्ची.
तिसऱ्या दिवशी मी सुतळी सोडवून
खुर्चीलाच गुंडाळली.

मे महिन्यात कूलर लावला की ती खाटेखाली जाते,
त्याची गुरगुर ओळखीची वाटत असावी.
मोरीपाशी कोपरा उडालेली एक शहाबादी आहे,
तिच्यावर रोज तांब्याभर पाणी शिंपडते.
नळ आठव्या दिवशी येतो. तरी.
माझ्या आंघोळीतून एक तांब्या वजा.
ती त्या फरशीवर पोट टेकून पसरते,
चारी पाय चालत असल्यासारखी.

घरमालकीण कमरखाला भाडं न्यायला वर आल्या,
दारातूनच म्हणाल्या, नीचेच कायकू बिठाई उसकू?
बिल्ली कू ऊंचा होना.
मी पाय दाखवला.
पाँव नइं तो पायऱ्या बना, म्हणाल्या, आणि नोटा मोजत उतरल्या.

तर पत्र्याची ट्रंक, तिच्यावर तेलाचा डबा,
मग शिलाई मशीन, मग खिडकी.
सगळ्यांवर बारदान, कडा दुमडून शिवलेलं.
खिडकीला जाळी हवी होती.
दुकानदार म्हणाला, कशासाठी, डास का माकडं?
मी म्हटलं, आतलं बाहेर जाऊ नये म्हणून.
मग कुठलीही चालते, म्हणाला.

सेलूच्या घरी मी सोळाची असताना
काकांनी खिडकीला पत्रा ठोकला होता,
समोर कॉलेजची पोरं बसायची म्हणून.
खिळा चुकून एक भोक राहिलं होतं.
त्यातून सायकलचं अर्धं चाक दिसायचं,
कधी बोरांच्या पाटीचा काठ.
जेवण वेळेवर मिळायचं. गोधडी उबदार होती.

सुतार जाळी मारत होता तेव्हा
मी मशीनवर हनुवटी टेकून, तिच्या उंचीवरून बाहेर पाहिलं.
जिंतूर रोडचा तुकडा, लिंबाची फांदी, टँकर, दोन होले.
चौकटीची आडवी पट्टी बरोबर डोळ्यांसमोर येत होती.
काढायला लावली. त्यानं पन्नास रुपये जास्त घेतले.

तूर चौथ्या दिवशी चढली.
ट्रंक. डबा. डब्यावर बराच वेळ विचार. मशीन.
जाळीला नाक लावून बसली,
नाकावर बारीक चौकोन उमटेपर्यंत.

कामावर जाताना कुलूप घालते आणि रस्त्यावरून वर बघते.
ती माझ्याकडे बघत नाही, होल्याकडे बघते.
बरं वाटतं. पुरतं नाही.

संध्याकाळी मोंढ्यातून काहीतरी आणते,
करडईचं वाळलं बोंड, कडब्याचं एक धाट,
मानवतच्या गाडीतलं फाटकं पोतं.
फरशीवर मांडते. ती एकेक हुंगते, घाई न करता,
पाथरीची गाडी कधी आली,
ड्रायव्हरनं कुठं जेवण केलं, त्याच्या घरी कुत्रं आहे का,
हे सगळं वाचून काढते.
मग इतकी सोय केलेली सोडून
माझ्या चपलांवर झोपते.