परत आणि बघू

एप्रिल लागला की लाइटबिलाच्या मागं मी दोन रकाने पाडते.
एकावर लिहिते 'परत'. दुसऱ्यावर 'बघू'.
पोरं घसरगुंड्या मोजत असतात: निळी, बोगद्याची,
आणि ती उभी, जिच्यावर संगमेश गेल्या साली जिन्यानं चढला
आणि जिन्यानंच उतरला.
मी हाटेलं मोजते.

परत, लोह्याच्या स्टँडमागचा गाडा. मिरचीभजे.
म्हातारा पेपर फाडतो, आधी वाचतो, मग भजे ठेवतो.
परत, पार्काच्या अलीकडचं त्रिवेणी. सुशीला देतात
लिंबू पिळून. नुसती फोड वर ठेवून नाही.
फरक आहे.
पार्काच्या आतलं मात्र कधीच नाही. दीडशेला गार पावभाजी,
आणि ओल्या हातात कूपन विरघळतं.

'बघू'मधे तीन वर्षं एकच नाव.
हॉटेल दरबार, फॅमिली, शुद्ध शाकाहारी. पुलाच्या उजवीकडं.
एस्टीच्या खिडकीतून दिसतं: पडदे, आत निळा उजेड,
दारात तुऱ्याचा फेटा बांधलेला माणूस, भर उन्हातसुद्धा.
हे म्हणायचे, "महाग असंल."
खरं तर फेटेवाल्याला भ्यायचे.

गेटवर शिपायानं पिशवी हुंगली.
"बाहेरचं खायचं आत चालत नाही."
दशम्या होत्या, शेंगाची चटणी होती.
"मग ठेव तुझ्याजवळ," म्हणाले.
संध्याकाळी डबा धुऊन परत दिला त्यानं.

मी पाण्यात उतरत नाही.
सतरा चपला (अठरावी वाहून गेली), चार मोबाइल,
रुमालात नणंदेचं मंगळसूत्र.
या सगळ्यावर बसते, कोंबडी बसते तशी.
आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो.
इथं दर पाच मिनिटांनी घराएवढी बादली उलटते
आणि सगळे ओरडतात.
एकदा मीही ओरडले. वेगळ्या कारणानं.
कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पाचला बाहेर पडलो, केस ओले, डोळे लाल.
मी कुणाला न विचारता रस्ता ओलांडला.
मागून सगळे आले, तापल्या डांबरावर उड्या मारत.
चपला माझ्याकडंच होत्या.

फेटेवाल्यानं सलाम ठोकला.
ह्यांनीही उलटा ठोकला, त्याच्यापेक्षा जोरात.

आत इतकं गार की पौर्णिमाचे दात वाजले.
वेटर आला. "काय घेणार, वहिनी?"
मी मागं वळून पाहिलं, कोण आलंय ते.

काजूकरी मागवली.
गोडमिट्ट. मीठ विसरलेलं, जिरं करपलेलं.
सांगितलं तसं. ह्यांनी टेबलाखाली पाय दाबला.
वेटर म्हणाला, "तुम्ही हाटेल लाइनमधल्या का?"
"व्हय. तेवीस वर्षं. एकच टेबल हाय."
कुणी हसलं नाही.
हे पाणी प्यायले. मग ग्लास रिकामा होता, तरी पीत राहिले.

भटारखान्यातून पोरगं आलं, एकोणीस-वीसचं,
कुठल्या लांबच्या मुलखाचं, मराठी अर्धीच.
मनगटावर डाग, तव्याच्या कडेचा.
माझा आहे त्याच जागी.
"किती?" त्यानं विचारलं.
मी तीन बोटं जुळवून दाखवली.
त्यानं त्याची जुळवून पाहिली, मान हलवली, गेलं.

दुसऱ्यांदा आली ती बरी होती. उत्तम नाही, बरी.
मी बसून खाल्ली. गरम.
पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत
एकदाही उठले नाही.

परतीच्या एस्टीत लाइटबिल काढलं.
दरबार 'परत'मधे लिहिलं.
पोराचं नाव विचारायचं राहिलं,
म्हणून 'बघू'मधलं खोडलं नाही.
"काय करलालीस?" ह्यांनी विचारलं.
"हिशोब," म्हणाले.
दाढेत बडीशेप होती अजून,
अहमदपूर येईपर्यंत पुरवली.