खोकडओढा

पूर ओसरून चौथा आठवडा.
महापालिकेची एक पोरगी दारात, ड्रेनेज विभागाची,
आडनाव आवटी, पायात गमबूट, हातात टॅब.
म्हणाली, काका, नकाशात इथं ओढा नाही,
पण पाणी तर ओढ्यासारखं आलं.

मी चपला घातल्या.
अठ्ठावीस वर्षं सिटी सर्व्हेत साखळीचं एक टोक धरलं,
दुसरं टोक इलाही पटवेगारच्या हातात.
इलाही गेला. साखळी स्टोअरला जमा झाली.
मूठ अजून कधी कधी झोपेत आवळते.

चल म्हटलं, मुळापासनं बघू.

कुपवाडच्या माळावर, पत्र्याची गोदामं आहेत तिथं,
मुरमातनं झिरपायचा. उन्हाळ्यात जेमतेम टाच भिजेल एवढा.
दिवेलागणीला खोकडं यायची पाण्यावर,
म्हणून खोकडओढा.
पुढं त्याच्यावर स्लॅब पडला, स्लॅबवर खोकी आली,
चहाचं, झेरॉक्सचं, मोबाईल दुरुस्तीचं,
आणि आता लोक छातीठोक सांगतात,
खोक्यांचा म्हणून खोकेओढा.

रेल्वेच्या मोरीखाली वाकून आत बघितलं दोघांनी.
वास आला. ती मागं सरली नाही.
बरी वाटली मला पोरगी.

मार्केट यार्डामागं हळदीचे ड्रम फिरायचे,
फाल्गुनात अख्खा ओढा पिवळा,
डुंबून आलेल्या म्हशीसुद्धा पिवळ्या,
पोरं त्यांच्यापुढं वाजंत्री लावल्यागत डबडी बडवत जायची.
हे सगळं ती टॅबमध्ये घालत होती.
म्हशी कुठल्या रकान्यात घालाव्यात, कळेना तिला.

संस्थानी नकाशात तो निळ्या शाईत आहे,
कारकुनाचा बोरू जिथं थबकला तिथं जरा जाड.
पुढच्या नकाशात नाला.
त्याच्या पुढच्यात गटार.
तो होता, ते झालं.
मग नुसती तुटक रेघ.
आणि शेवटच्या मोजणीत तीही नाही.

मे महिना होता.
पात्रात क्रिकेटचे स्टंप रोवलेले, धूळ.
साहेब जीपमधनं उतरलेसुद्धा नाहीत,
कोरडंच आहे ना, म्हणाले, मग कशाला दाखवताय?
इलाही बांधावर उभा होता.
म्हणाला, बाभळी बघ की रं, वैशाखात हिरव्यागार,
खाली पाणी हाय.
मी टेप गुंडाळली.

हे मी आवटीला सांगितलं नाही.

सुगंधाबाई मगदूमच्या घराशी थांबलो.
भिंतीवर छातीएवढ्या उंचीला गाळाची रेघ,
तिच्यावर खिळा ठोकून नवीन कॅलेंडर.
म्हणाली, आयर्विनवर पंचेचाळीस फूट झालं म्हटल्यावर
आम्ही पुढच्या दाराला वाळूची पोती रचत बसलो.
आणि हे आलं न्हाणीच्या मोरीतनं,
मागनं, चोरपावलानं.
घरचं माणूस रात्री उशिरा येतं बघा, तसं.
आधी लोटी तरंगली.

नदी भरली की त्याला आत घेत नाही,
मग तो आल्या वाटेनं माघारी फिरतो.
वाटेत आता घरं आहेत
हे त्याला कुणी कळवलंय?

हरिपूरच्या बाजूला पाय दुखायला लागले.
सिमेंटच्या पाइपातनं तो कृष्णेत पडत होता,
काळा, फेसाळ, पण पडत होता.
काठावर एक बाभूळ. नसती तरी चाललं असतं.

आवटीनं बोटानं रेघ ओढली, माळापासनं इथवर.
बाण कुठल्या दिशेला काढू, काका?
महिना कुठला धरतीयस, म्हटलं.
ती हसली. दोन्हीकडं काढले तिनं.

मग खाली एक रिकामा चौकोन उरला.
माहिती देणाऱ्याचं नाव?

पाइपाचा आवाज चालू होता.
पटवेगार, मी म्हणालो.
इलाही पटवेगार.