चतकोर

हडर्सफील्डहून हॅलिफॅक्सला, रात्रपाळीला जाताना
एन्ली टॉपचा चढ लागला की
माझी तेरा वर्षांची कोर्सा सुरू व्हायची.
डाव्या दारात खुळखुळ,
डिकीच्या झाकणात खडखड,
डॅशबोर्डच्या पोटात कुठंतरी
अडकित्त्यानं सुपारी कातरावी तसं कटकट, कटकट,
आणि मागं नंबरप्लेटची थरथर,
हुडहुडी भरल्यासारखी.

इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द.
म्हणून शेजारच्या क्लिफर्ड हेगना
मी एकेक आवाज तोंडानं करून दाखवला, कुंपणावरून.
ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.
एकतीस वर्षं मागांच्या धडधडाटात काढलेली,
कान लोकरीच्या गिरणीतच ठेवून आलेला माणूस.
म्हणाले, "शनिवारी आण. जुने कपडे घालून ये."

शनिवारी मी गाडी चालवली
मागच्या गल्लीतल्या दगडी फरशीवरून, पहिल्या गिअरमध्ये.
ते शेजारी, दारावर तळवा टेकून,
डोळे मिटून.
मी दिवसभरात दहा पोटं चाचपते,
बाळाचं डोकं कुठं, पाठ कुठं;
तो तळवा मी ओळखला.
"इथं," म्हणाले. मग, "नाही. खाली."

दाराचं अस्तर काढलं. नऊ क्लिपा, त्यातल्या दोन तुटल्या.
आत नुसता पत्रा.
एवढाच?
याच्या आड बसून मी
सत्तर मैलांच्या वेगानं ट्रकांच्या बाजूनं जाते?
तळाशी वाळकी पानं, पार्किंगची विरलेली चिठ्ठी,
आणि कोटाचं एक बटण, माझं नव्हे.
खुळखुळ ती हीच.
हेगनी बटण उजेडात धरलं, खिशात टाकलं.

मग स्पिरिटनं पत्रा पुसायचा;
वासानं माझे हात आपोआप शहाणे झाले.
काळे, चिकट, डांबरासारखे जड तुकडे,
वरून बर्फीसारखा चंदेरी वर्ख.
हेअर ड्रायरनं ऊब द्यायची, रोळ्यानं दाबायचं,
खालची हवा कडेकडेनं हाकलायची.
मी हावरटासारखी सगळं दार मढवायला निघाले,
तर त्यांनी मनगट धरलं.
बोटानं पत्र्याच्या मधोमध एक तुकडा आखून दाखवला:
एवढाच. चतकोर.
सगळा झाकायचा नसतो.
थरथर सुरू होते तिथं कुणीतरी हात ठेवला की पुरतं.

क्लिपांच्या भोकांभोवती त्यांनी
गिरणीच्या शेवटच्या आठवड्यात आणलेला नमदा कातरून लावला.
करडा. शहाण्णव सालचा.
अजून मेंढीचा वास येत होता.

मी बोटाच्या पेरानं दार वाजवलं.
आधी ठण्ण होतं, आता ठप्.
त्यांना सांगायला वळले,
तर त्यांचा तळवा पलीकडून दारावरच होता
आणि ते हसत होते.

सोमवारी पहाटे, पाळी संपवून परत येताना,
मूरवर धुकं, पुढं दुधाची एक गाडी,
आणि माझ्या गाडीत एक बाई बोलत होती.
चौथ्या खाटेवरच्या पोरीला दूध उतरलं का गं,
मोहरी संपलीय,
त्या नव्या डॉक्टरला हात धुवायला कोण सांगणार,
चल, चढ, एवढा एकच चढ, मग उतारच आहे बाई.

किती वर्षं बोलत असेन मी हे?
खडखडीखाली गाडून टाकलेलं,
कुणी ऐकलं नाही, मीही नाही.
लाज वाटून रेडिओ लावला.
मोटरवेच्या पुलाखालून जाताना बंद केला.

घराशी पोचले तेव्हा हेग कचऱ्याचा डबा आत घेत होते.
भुवया उंचावून विचारलं, काय?
मी काच न उघडता, आवाज न करता,
नुसत्या ओठांनी म्हटलं, थांबलं हो;
चुकून मराठीतच.
त्यांनी अंगठा वर केला
आणि डबा ढकलत, फरशीवरून,
सगळी गल्ली उठेल असा खडखडत,
आत नेला.